नानांच्या फियाटला सत्तरची अट

मूल झाल्यापासून हेमलताला जगातली जवळजवळ प्रत्येक गोष्ट मोजावीशी वाटे. अंघोळीचं पाणी आधी कोपराने, मग थर्मामीटरने, खिमटीचे चमचे, ओजसच्या दोन शिंकांमधलं अंतर. "एमेस्सी झालेली सून शे, घरी बसून दुसरं काय करी?" असं तिची सासू, अक्का, शेजारणींना सांगे, आणि सांगताना आवाज बरोबर स्वयंपाकघरापर्यंत पोचेल एवढा ठेवे. त्यामुळे एके दिवशी हेमलताने मोबाइल फियाटमध्ये नेऊन गाडीच्या आतला आवाज मोजला, याचं घरात कुणालाच नवल वाटलं नाही. नवल वाटलं ते आकड्याचं. चौऱ्याऐंशी डेसिबल.

फियाट सासऱ्यांची, म्हणजे लीलाधर नानांची. मेहरूणच्या घरापुढे पत्र्याखाली ती उभी असे आणि नाना तिला रोज सकाळी असं पुसत, की हेमलताला वाटे, ओजसचं तोंडही कुणी इतक्या मायेने पुसत नसेल. घराण्यातलं प्रत्येक मूल जावळं काढायला सोनगीरपलीकडच्या गावी याच गाडीतून गेलं होतं. हेमलताचा नवरा भूषणसुद्धा. आता दहा महिन्यांच्या ओजसची पाळी होती. पण ही गाडी सुरू झाली की ओजसचं रडं सुरू होई. एकदा आकाशवाणी चौकात त्याने जो सूर लावला, तो बांभोरीचा पूल आला तरी सोडला नव्हता. एवढ्याशा कानांचं काय होत असेल, या काळजीने हेमलताला त्या रात्री जेवण गेलं नाही.

"नाना, ओजसला या गाडीतून नको," तिने शेवटी जेवताना धीर करून सांगितलं. "आम्ही भाड्याची एसी गाडी करून मागून येतो."

नानांनी हातातला भाकरीचा तुकडा ताटात ठेवला. "भाडानी गाडीमा मना नातू? गाववाला इचारतीन, नाना, फियाट इकी टाकी का?"

"तसं नाही. पण आवाज..."

"भूषण ह्याच आवाजमा मोठा व्हयना."

"म्हणूनच त्याला एकदा सांगितलेलं ऐकू येत नाही," हेमलता म्हणाली.

अक्का पदर तोंडाला लावून हसल्या. भूषणने खरंच ऐकलं नव्हतं. तो वरण वाढून घेत होता.

अखेर तह झाला. गाडीतला आवाज सत्तरच्या आत आला, तर ओजस फियाटमधून जाणार. नाही आला, तर भाड्याची गाडी. "ठीक शे, मास्तरीणबाई," नाना म्हणाले. "सत्तर म्हंजे सत्तर."

पुढचा पंधरवडा सासरा आणि सून शेडमध्ये. डिकीतून आधी एक पहार, एक कुदळ आणि घरात कुणालाच ओळखू न आलेली लोखंडी साखळी निघाली. निम्मा खडखडाट तिथेच संपला. जॅक जुन्या चादरीत गुंडाळून बांधला. दारांची रबरं बदलली. इंजिनाकडून वायरी आत येतात ती भोकं बुजवली. पायाखाली जाड घोंगडं अंथरलं. हेमलता मागच्या सीटवर फोन धरून बसे आणि "ब्याऐंशी... एकोणऐंशी... नाना, पंच्याहत्तर!" असे आकडे पुकारी. येणारेजाणारे विचारत, "लिलाव शे का?"

पंच्याहत्तरला मात्र गाडी अडून बसली. दारांवर टिचकी मारली की रिकाम्या डब्यासारखी वाजत. हेमलताने त्यासाठी फोम मागवायचं ठरवलं.

"फोम मुंबईवालासले लागस," नाना म्हणाले. "आपलाकडे कापूस शे ना!"

गावाहून गादीसाठी आलेलं गाठोडं माळ्यावर होतंच. दुसऱ्या दिवशी हेमलता ओजसला लस द्यायला गेली, तोवर नानांनी चारही दारांचे आतले पुठ्ठे काढून गच्च कापूस भरला आणि पुठ्ठे पुन्हा बसवूनही टाकले. संध्याकाळी अजिंठा रोडवर साठच्या वेगाने फोन म्हणाला, अडुसष्ट. नानांनी तो फोन तिच्या हातून घेऊन गल्लीतल्या चार घरी दाखवून आणला.

जावळाच्या दिवशी सकाळी थंडी होती, काचा वर होत्या. नाना चालवत होते, शेजारी भूषण, मागे अक्का आणि मांडीवर ओजसला घेतलेली हेमलता. ओजस चक्क झोपला. एरंडोल गेलं. हेमलताने त्याच्या नाकाखाली दोनदा बोट धरून पाहिलं. श्वास चालू होता.

पारोळा जवळ आला तसं ऊन गाडीत शिरलं. ओजसच्या कपाळावर घाम आला. हेमलताने काचेचं हँडल फिरवलं. काच दोन बोटं खाली आली आणि रुतली. अक्कांच्या बाजूची तेवढीही आली नाही. पुढच्या दोन्हींचं तेच.

हेमलताच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. तोंडातून मात्र अगदी मऊ आवाज निघाला. "नाना, काच खाली केली की ती जाते कुठे?"

"दारमा."

"आणि दारात काय आहे?"

नानांनी गाडीचा वेग कमी केला. "...कापूस."

लिंबाच्या झाडाखाली गाडी थांबली. भूषणने पुठ्ठे काढले, नाना दारात कोपरापर्यंत हात घालून कापूस ओढू लागले. अक्कांनी चादर पसरली. पाहता पाहता ढीग झाला. नानांच्या मिशा, भूषणचे केस, ओजसच्या भुवया, सगळीकडे तंतू. तेवढ्यात एक पिकअप थांबली. खेडोपाडी कापूस घेत फिरणारा एक व्यापारी उतरला, त्याने ढिगातला एक पुंजका उचलून बोटांनी ताणून पाहिला.

"माल बरा शे, नाना. पन ओलावा शे. कसा देतस?"

"इकाना नही," नाना गुरगुरले. "नातूनं जावळ काढाले जाई ऱ्हायनूत."

व्यापाऱ्याने कापसाकडे, उघड्या दारांकडे, बाळाकडे पाहिलं. "जावळले नारळ लेतस, नाना," तो सौम्यपणे म्हणाला आणि निघून गेला. भूषण हसून हसून बॉनेटला टेकला.

पुठ्ठे पुन्हा बसले, काचा खाली आल्या, वारा आला. गाडी थोडी पुढे नेऊन हेमलताने फोन धरला. सत्त्याहत्तर.

नानांनी गाडी कडेला घेतली. "भूषण, पारोळाले फोन लाव. भाडानी गाडी बलाव." मग मागे न बघता म्हणाले, "सत्तर म्हंजे सत्तर. मीच बोलेल शे."

हेमलताने आरशात पाहिलं. मिशांत कापूस अडकलेला तो चेहरा रडवेला नव्हता, पण गावच्या वेशीतून रिकामी फियाट आत नेणाऱ्या माणसाचा चेहरा होता. ओजस जागा होऊन आजोबांच्या मानेवरचा तंतू पकडायचा प्रयत्न करत होता.

"फोन नको," ती म्हणाली. "नाना, जरा हळू चालवून बघा."

पन्नासला चौऱ्याहत्तर आले. चाळीसला बहात्तर. पस्तीसला एकोणसत्तर.

"मग पस्तीसनेच जाऊ," हेमलता म्हणाली.

तशी ती वरात निघाली. ओजस पुन्हा झोपला. ट्रक हॉर्न मारत गेले, रिक्षा गेली. गावाकडचा छगन मोटरसायकल शेजारी आणून ओरडला, "नाना, पेट्रोल सरनं का? धक्का दिऊ?"

"हळू बोल रे," नाना म्हणाले. "पोऱ्या जपेल शे."

मग कडब्याने भरलेला एक ट्रॅक्टर मागून आला, शेजारी आला आणि सावकाश पुढे गेला. नानांचे कान लाल झाले. आयुष्यात ट्रॅक्टरने त्यांना मागे टाकलं नव्हतं. हात स्टिअरिंगवर आवळले, पण काटा पस्तीसवरून हलला नाही.

"आते बैलगाडीनी वाट दखा," अक्का म्हणाल्या.

नानांनी त्यावरही वेग वाढवला नाही, तेव्हा हेमलताला राहवेना. तिने ओजसकडे पाहिलं. तोंड उघडं, मूठ सैल, गाढ झोप.

"नाना, तेवढ्या ट्रॅक्टरच्या पुढे काढा गाडी."

"आन अट?"

"पंच्याहत्तरपर्यंत चालतं."

"कोनी सांगं?"

"सत्तर कुणी सांगितलं होतं? मीच ना!"

नानांनी गिअर टाकला. फियाटने दम भरला, घोंगड्याखालून हुंकार उठला, कडब्याची पानं खिडकीला घासून गेली आणि ट्रॅक्टर मागे पडला. ओजसने झोपेतच ओठ चोखले. हेमलताच्या हातातला फोन अठ्ठ्याहत्तर दाखवत होता.

"कितला व्हयनात?" नानांनी पुढूनच विचारलं.

"चौऱ्याहत्तर," हेमलता म्हणाली.

अक्कांनी चष्मा सारखा करून फोनमध्ये डोकावून पाहिलं, मग सुनेकडे पाहिलं.

"हा, चौऱ्याहत्तरच शे," त्या म्हणाल्या. "चालू द्या."