विमानाचं गाणं

"हाई मन्हं गाणं नही शे," सुपडूआप्पा म्हणाले आणि त्यांनी मोबाइल मोहिनीकडे परत सरकवला.

"हाईच शे, आप्पा. निस्तं पयी ऱ्हायनं." मोबाइलमधलं गाणं खरंच भरधाव पळत होतं.

विसरवाडीत आमची घरं समोरासमोर. मी शाळेत कारकून, त्यामुळे सही कुठे करायची असली की आप्पांना मीच आठवतो. त्या दिवशी दुपारी त्यांच्या सुनेचा पाट लागायचा होता आणि साक्षीदार म्हणून मी सकाळपासून त्यांच्या ओट्यावर चहा पीत बसलो होतो. मोहिनीचा नवरा, आप्पांचा एकुलता एक मुलगा ललित, तीन वर्षांपूर्वी महामार्गावर मोटरसायकलसकट ट्रकखाली गेला. विधवेच्या दुसऱ्या लग्नाला आमच्याकडे पाट म्हणतात. पाटाला वाजंत्री नसते. पूर्वी तर अंधार पडल्यावर चार माणसांत उरकून घेत आणि नवरीला मागच्या दाराने काढून देत. आप्पांनी दिवसाउजेडी, पुढच्या अंगणात लावायचं ठरवलं, तर तेवढ्यावरच गावात आठ दिवस कुजबुज चालली होती.

निघण्याआधी मोहिनी ललितच्या वस्तू परत देत होती. त्यात हा मोबाइल होता, आणि मोबाइलमध्ये ते गाणं.

त्या गाण्याबद्दल सांगायलाच हवं. ललित दहा वर्षांचा असताना आप्पांनी सोनगडच्या बाजारातून त्याला एक कॅसेट आणली. कुठल्याशा विलायती कार्टून सिनेमाची. कव्हरवर चंदेरी पोशाखातली एक मुलगी आणि तिच्यामागे आकाशात उडणारं, विमानासारखं भलंमोठं यान. आत दहा गाणी, सगळी इंग्रजी, गिटार आणि ड्रमचा नुसता धुमाकूळ. घरात कुणाला एक शब्द कळत नव्हता, सिनेमाही कुणी पाहिलेला नव्हता. "ती पोर घर जाई ऱ्हायनी," असं आप्पांनी ललितला कव्हर बघून सांगितलं आणि बापलेकांनी तेच खरं धरलं.

त्यातल्या चौथ्या गाण्याने आप्पांना वेड लावलं. ते बँजो पार्टीवाले. आमचा बँजो म्हणजे तारांवर टाइपरायटरसारख्या कळा बसवलेला, भोंग्याला जोडला की असा खरखरतो की गिटारने लाजावं. महिनाभर टेप पुढे-मागे करून त्यांनी ते गाणं बसवलं. घरातल्या टेपचा रबरी पट्टा सैल पडला होता आणि गाणं जवळजवळ निम्म्या चालीने वाजत होतं, हे मात्र कुणाच्या ध्यानात आलं नाही. पुढे वीस वर्षं आमच्या भागातल्या वराती त्या संथ चालीवर डुलल्या, पाच पावलं पुढे, दोन मागे. माझ्या वरातीत मीही नाचलोय, आणि कसा नाचलो ते माझी बायको अजून पाहुण्यांना करून दाखवते. लोक म्हणायचे, विमानाचं गाणं सुपडूनेच बनवलं. आप्पा हो म्हणत नसत आणि नाहीही म्हणत नसत. आयुष्यात एवढी एकच लबाडी केली त्यांनी.

ढोलावर ललित असायचा. तो गेला आणि बँजो कापडात गुंडाळून माळ्यावर गेला.

आप्पांनी मोबाइल पुन्हा कानाशी नेला. गाणं धावतच होतं. त्यांची बोटं मांडीवर हलायला लागली आणि मागे पडली.

"कोनी टाकं हाई यामा?"

"त्यासनीच. सहा साल पहिले." मोहिनी खाली बघत होती. "माले सांगं, आप्पाले कधी आयकाडू नको. बापनं गाणं बापनंच ऱ्हाऊ दे."

"म्हंजे तेले माहीत व्हतं?"

"व्हतं."

सगळं माहीत असून तो पोरगा पुढची तीन वर्षं बापाच्या संथ चालीवर ढोल धरत राहिला.

"सिनेमा बी दखाडा त्यासनी माले," मोहिनी म्हणाली.

"मंग? ती पोर घर जास ना?"

"नही, आप्पा. हाई गाणामा ती घर सोडीसन जास."

मग ती म्हणाली, "तुम्ही वाजाडशात का आज? उगीमुगी जावाले मन्हा जीव व्हत नही."

दारातून जसोदाबाई, ललितची आई, लगेच म्हणाल्या, "पाटले कोनी वाजाडस का? लोके काय म्हनतीन? आनि तो नवरदेव काय म्हनी?"

आप्पा मोबाइल तिच्या हातात देऊन उठले. "ढोल नही शे मन्हाकडे," एवढंच म्हणाले आणि आत गेले. मोहिनीने मोबाइल ओट्यावर ठेवला. तिने पुन्हा विचारलं नाही.

दुपारी पाट लागला. नवरा भूपेंद्र सोनगडला पंक्चरचं दुकान चालवतो, चांगला माणूस. माणसं मोजून बारा. मी सही केली. मोहिनी जसोदाबाईंच्या पाया पडली, तशी त्या बाईने तिला धरलं आणि मोकळं रडून घेतलं. आप्पांचा पत्ता नव्हता. सगळे जीपकडे निघाले. अंगणाच्या कडेला पोचेपर्यंत मोहिनीने चारदा मागे वळून बघितलं.

तेवढ्यात ओट्यावरून बँजो वाजला.

भोंगा नव्हता, त्यामुळे आवाज अगदी बारीक होता. आप्पा मांडी घालून बसले होते आणि बँजोवर अजून माळ्याची धूळ होती. गाणं तेच, आणि चालही तीच, आमची. जिथे ढोल पडायचा, तिथे ते थांबत होते. तेवढी जागा रिकामी जाई आणि मग पुढचा सूर येई.

मोहिनी थांबली. मग चालायला लागली, हळूहळू. भूपेंद्र दोन पावलं पुढे गेला होता, तो परत आला आणि तिच्या चालीने चालू लागला.

जसोदाबाई डोळे पुसत ओट्याजवळ आल्या. "बेगी बेगी वाजाडा ना," त्या हळूच म्हणाल्या. "ते खरं गाणं बेगी शे ना? त्यासले लांब जानं शे."

आप्पांनी मान वर केली नाही.

"बेगी वाजाडं तं ती बेगी चालनी जाई," ते म्हणाले.

घरापासून जीपपर्यंत चाळीस पावलं आहेत, मी पुढे एकदा मोजली. त्या दुपारी ती संपता संपत नव्हती. जीप महामार्गावर वळून दिसेनाशी झाली तरी आप्पा वाजवत होते, आणि ढोलाची प्रत्येक जागा मोकळी सोडत होते.