फट बुजवायची नाही

आमच्या चष्म्याच्या दुकानात हिवाळा खिडकीतून येतो. कामाचं टेबल तिथेच, कारण उजेड तिथेच. खिडकीची चौकट फुगून वाकडी झालेली, तिच्यात बोट जाईल एवढी फट, आणि त्या फटीतला वारा थेट माझ्या मनगटांवर. शेजारच्या स्टुलावर माझी वहिनी कानटोपी, दोन स्वेटर आणि बोटं कापलेले हातमोजे घालून काचा घासत बसते.

"वन्सं, मी काच घासतेय की बर्फ, तेच कळेनासं झालंय," ती म्हणायची.

दोनदा तिने सुताराला बोलावलं, दोन्ही वेळा मी त्याला दारातूनच वाटेला लावलं. एकदा गिऱ्हाइकांची गर्दी आहे म्हणून, एकदा लाकडाचा भुसा काचांवर बसेल म्हणून. नणंद चिक्कू झाली, असं तिने माझ्या भावाला सांगितलं. सांगू दे, म्हटलं.

खरी गोष्ट अशी की माझे हात थरथरू लागले होते. चष्म्याच्या दांडीचा स्क्रू तिळापेक्षा लहान. चिमट्यात धरला की हलायचा, भोकाशी नेला की पडायचा, आणि मग मी टेबलाखाली रांगत त्याला शोधायची. गारठ्याने बोटं आखडली, असं म्हणायची सोय होती. पण बाबांचे हातही साधारण याच वयात, याच टेबलाशी थरथरू लागले होते. आधी हातातून स्क्रू पडायचे, मग पाण्याचा पेला पडू लागला. शेवटची कित्येक वर्षं वहिनीने त्यांना चमच्याने भरवलं.

फट होती तोवर दोष वाऱ्याचा. फट बुजली आणि तरीही हात थांबले नाहीत, तर? घरी मी सुईत दोरा ओवणंसुद्धा सोडून दिलं होतं. नकोच ती परीक्षा. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणून मी स्वतः कुडकुडले आणि त्या बिचारीलाही कुडकुडवलं.

त्या सोमवारी दुकानात शिरले तर आत ऊब होती. चौकट सरळ, फटीत रबराची पट्टी. हिवाळा लागल्यापासून पहिल्यांदाच वहिनीचे कान दिसत होते. सुट्टीच्या दिवशी तिने सुतार आणून काम उरकलं होतं.

"कोणाला विचारून?" मी कडाडले.

"मला विचारून. नाक माझं गळत होतं."

"मी बँकेत जाऊन येते."

"बँक अजून उघडायचीय. बसा." दुरुस्तीला आलेला मास्तरांचा चष्मा तिने माझ्यापुढे सरकवला. "ते येतीलच. दांडी तेवढी बसवा."

"तू बसव."

"मला कुठे येतं?" मग तिचा आवाज खाली आला. "वन्सं, आमच्याकडे चहा घेताना तुम्ही हल्ली कप दोन्ही हातांनी धरता. बाबाही तसाच धरायचे."

माझ्या तोंडचं पाणी पळालं. म्हणजे हिला सगळं ठाऊक होतं.

"काय असेल ते कळू दे आज," ती म्हणाली. "वाईट निघालं तर डॉक्टर आहेत. हे रोजचं मरण नको."

मी बसले. चिमट्यात स्क्रू उचलला. तो हलला आणि पडला.

वहिनीने माझे हात हातात घेतले. "अहो, गारेगार आहेत! आत्ता तर बाहेरून आलात. जरा दम धरा." आणि ती ते चोळत राहिली, भांडी घासावीत तशी, खसाखसा. बोटांत मुंग्या आल्या, मग ऊब आली.

दुसऱ्यांदा उचलला तेव्हा स्क्रू चिमट्यात गप्प उभा राहिला. भोकात गेला. मी फिरवला, आवळला. माझा विश्वास बसेना. चांगल्या चष्म्याचा स्क्रू काढला, परत बसवला. दुसऱ्याचा काढला, बसवला. शहाण्या बाईने एकावर थांबावं, मी ट्रेमधले सगळे चष्मे संपेपर्यंत थांबले नाही. एकही पडला नाही. गारठाच होता तो, मेला नुसता गारठा! माझ्या जिवात जीव आला.

मिरवायला वळले, तर वहिनी टेबलावर डोकं टेकून हमसाहमशी रडत होती.

"अगं वेडे, बरी आहे मी!"

"तुमच्यासाठी रडतेय होय?" तिने बाहीला नाक पुसलं. "बाबांचं केलं ते केलं. पण परत तो चमचा हातात घ्यायचा, या विचाराने माझा डोळ्याला डोळा लागत नव्हता. माझ्यात ताकदच नाही उरलेली, वन्सं. आणि सांगणार कोणाला?"

राग यायला हवा होता. आला नाही. इतके दिवस दोघी एकाच टेबलाशी, एकाच गोष्टीला भीत बसलो होतो आणि भांडत होतो सुतारावरून. मी स्टूल तिच्याजवळ ओढलं.

"मी तुला भरवूच दिलं नसतं," मी म्हटलं.

"मोठ्या आल्या! उपाशी राहिला असतात?" ती रडता रडता हसली. "भरवलं असतं हो. शिव्या देत भरवलं असतं."