आधी तिचं म्हणणं

सभागृहात पाऊल टाकलं आणि माझी बोलतीच बंद झाली. मला ओळखणाऱ्यांना ही शुद्ध थाप वाटेल. पण खरंच! पायऱ्यापायऱ्यांनी वर चढत गेलेल्या खुर्च्या, प्रत्येक खुर्चीवर एक हिरवं आणि एक लाल कार्ड, आणि मंचावर अध्यक्ष म्हणून बसलेली मुलगी माझ्यापेक्षा फार तर तीन वर्षांनी मोठी. समोर पांढऱ्या केसांचे एक आजोबा हात वर करून तिच्याकडे बोलायची परवानगी मागत होते आणि ती देत नव्हती. "थांबा हं, तुमची पाळी आली की सांगते," म्हणाली आणि आजोबा मुकाट खाली बसले. आमच्या घरात हे करून दाखवा!

ही आमच्या युवा संघटनेची वार्षिक सभा. प्रत्येक गटातून दोन प्रतिनिधी येतात, एक मोठं, एक लहान, आणि दोघांच्या मताचं वजन सारखंच. आमच्या गटातलं मोठं म्हणजे माझा मामा. एरवी तो बस दुरुस्त करतो आणि शनिवारी पोहण्याच्या तलावाच्या वरच्या खोलीत आम्हा अकरा जणांना गाठी मारायला, तंबू ठोकायला, जखमा बांधायला शिकवतो. फुकट. त्या खोलीत कायम क्लोरीनचा वास असतो आणि मला तो अत्तराहून आवडतो.

तीच खोली आज जाणार होती. ठराव असा होता, की पंधराहून कमी मुलं असलेले गट बंद करून शेजारच्या मोठ्या गटात मिसळून टाकायचे. आमचा शेजारी गट म्हणजे दोन बस बदलून जायचं. आमच्यातले जुळे अजून बुटाची नाडीसुद्धा एकमेकांची बांधतात, ते कुठून जाणार?

"मी त्यांना फाडून खाणार आहे," मी मामाला सांगितलं.

"आधी डबा खा बाई," मामा म्हणाला आणि लाल कार्डाने वारा घेत बसला. नेमकं तेव्हाच चहाच्या सुट्टीवर मतदान चाललं होतं. मोजणाऱ्या मुलीने त्याचं कार्डही मोजलं आणि सुट्टी एका मताने पडली!

"कोण रे तो चहाचा वैरी?" मागून आवाज आला. मामाने कार्ड पटकन मांडीखाली दडपलं.

मग ठराव मांडायला आमच्या शेजारच्या गटातली एक कॉलेजातली मुलगी उठली. पाठ इतकी ताठ, की मामाने तिथल्या तिथे तिचं नाव फूटपट्टी ठेवलं. ती बोलत होती तोवर मी मनातल्या मनात माझं भाषण घोकत होते. इथेच माती खाल्ली.

कारण आमच्या सभेत एक रीत आहे. कुणाच्या विरोधात बोलायचं असेल, तर आधी त्याचं म्हणणं आपल्या तोंडाने सांगायचं. तो "हो, हेच" म्हणाला, तरच आपलं बोलायला मिळतं.

मी माईक धरला. "यांचं म्हणणं असं, की छोटे गट म्हणजे डोक्याला ताप."

सगळे हसले. फूटपट्टी नाही. "नाही," ती म्हणाली.

"यांचं म्हणणं, की जास्त मुलं असली की खेळायला मजा येते."

"तेही नाही. तू माझं ऐकलंस का गं? रागावून नाही विचारत."

माझे कान तापले. अध्यक्ष म्हणाली, "अजून एकदाच. नाहीतर पुढच्याला बोलावते."

मी मामाकडे बघितलं. तो स्वतःच्या बुटांकडे बघत होता. आणि मला हिवाळा आठवला. मामाची कंबर धरली होती, उठताही येत नव्हतं, आणि खोलीला महिनाभर कुलूप. जुळ्यांना कुणी निरोपच दिला नव्हता. ते गळ्यात मफलर गुंडाळून जिन्यावर बसले होते, कुणीतरी येईल म्हणून.

"यांचं म्हणणं असं," माझा आवाज आपोआप खाली आला, "की छोट्या गटात मोठं माणूस एकच असतं. ते आजारी पडलं की खोलीला कुलूप. आणि मुलं जिन्यावर बसून राहतात."

अध्यक्ष फूटपट्टीकडे वळली.

"हो," फूटपट्टी म्हणाली. "हेच."

आता माझं घोकलेलं भाषण घेऊन काय करू? त्यातलं एकही वाक्य कामाचं राहिलं नव्हतं. मग जे सुचलं ते बोलले. "मग मुलं कशाला मोजता? मोठी माणसं मोजा! जिथे एकच आहे, तिथे शेजारच्या मोठ्या गटाने शनिवारपुरतं एक माणूस द्यावं. खोली कशाला बंद करता?"

ही झाली ठरावावरची दुरुस्ती. आता माझं म्हणणं फूटपट्टीने सांगायचं होतं. तिने ते एका दमात सांगितलं, माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं! "हो, हेच!" मी इतक्या जोरात ओरडले की माईक किंचाळला. मग तिने शांतपणे सांगितलं, की उसनी माणसं चार शनिवार उत्साहाने येतील आणि मग गळतील, म्हणून तिचा विरोध आहे.

मतदान सुरू झालं. त्या आजोबांनी लाल कार्ड उचललं होतं. ते त्यांनी खाली ठेवलं, जरा वेळ छताकडे बघितलं आणि हिरवं उचललं. त्यांना कुणी डोळा मारला नाही की कोपर ढोसलं नाही! आणि एकटे तेच नव्हते. वरच्या ओळींपासून खालपर्यंत माणसं माझ्या डोळ्यांदेखत मत बदलत होती. फूटपट्टीचं लाल कार्ड मात्र शेवटपर्यंत सरळ वर होतं.

दुरुस्ती मंजूर झाली, थोडक्यात. मामाने नाक शिंकरण्याच्या निमित्ताने डोळे पुसले.

पुढच्या शनिवारी तलावापाशी एक स्कूटर थांबली. हेल्मेट निघालं, खांद्यावर दोराचं वेटोळं. फूटपट्टी!

"ताई, तू तर विरोधात मत दिलंस ना?" माझ्या तोंडून निघूनच गेलं.

"दिलं. आणि हरले." तिने हेल्मेट हँडलला अडकवलं. "आता तो ठराव माझाही आहे. खोली कुठे आहे?"

समोरच्याचं ऐकून वाद घालता येतो हे मला अलीकडेच कळलं होतं. हे असंही वागता येतं, हे कुणी सांगितलंच नव्हतं.

"अरे, फूटप..." मामाने बाकीचं गिळलं. "या, या!"

जुळे तोवर तिच्या दोराला लोंबकळलेसुद्धा होते. मामाने खिशातून जुडगा काढला, त्यातली खोलीची एक किल्ली नखाने सोडवली आणि तिच्या हातात ठेवली.