करपलेला गूळ

राजलक्ष्मी लग्न होऊन अंथुर्ण्याला आली त्याला चार महिने झाले होते, आणि एवढ्या दिवसांत सोनम तिच्याशी 'हं' आणि 'नको' यापलीकडं काही बोलली नव्हती. सोनम नऊ वर्षांची. तिची आई निकिता दोन वर्षांपूर्वी डेंग्यूनं गेली. इंद्रजितनं दुसरं लग्न केलं ते पोरीसाठीच, असं सगळे म्हणत. पोरीला मात्र कुणी विचारलं नव्हतं.

त्या रविवारी इंद्रजित पेरू घेऊन इंदापूरच्या बाजारात गेला होता. दुपारी सोनम स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. हातात तडकलेल्या काचेचा जुना मोबाइल.

"मला बबल टी पायजे," ती म्हणाली. "बारामतीत मिळतो तसला. मम्मी घरी करायची. ह्यात तिचा व्हिडिओ हाय."

साबुदाण्याच्या गोळ्या घातलेला असला गार चहा राजलक्ष्मी कधी प्यायली नव्हती. पण पोर आपण होऊन काही मागतेय म्हटल्यावर तिनं लगेच ओढणी कमरेला बांधली.

व्हिडिओ सुरू झाला आणि तिच्या अंगावर सर्रकन काटा आला. तोच ओटा. तीच खिडकी, बाहेर तोच शेवगा. निकिताचा चेहरा दिसत नव्हता. नुसते दोन हात, मनगटावर तव्याच्या चटक्याची खूण, आणि आवाज. "साबुदाणा मिक्सरला फिरवायचा, चाळून घ्यायचा. गुळाचं पाणी उकळलं की लगेच त्या पिठावर वतायचं."

ते हात जिथं चालत होते, तिथंच राजलक्ष्मीचे हात चालू लागले. चार महिन्यांत कधी न लागलेली बारीक चाळणी तिनं न शोधता काढली. ती कुठं असते हे आपल्याला कधी कळलं, तिला आठवेना.

पहिला गोळा फुटला. "पाणी उकळतंच पायजे," सोनम म्हणाली. "तुमी नीट ऐकलं न्हाय."

दुसऱ्यांदा जमलं. दोघींनी मिळून वाटाण्याएवढ्या तपकिरी गोळ्या वळल्या आणि उकळत्या पाण्यात सोडल्या. तेवढ्यात मोबाइलची बॅटरी गेली. सोनम तो चार्जिंगला लावायला बाहेरच्या खोलीत गेली.

राजलक्ष्मीनं पाकासाठी दुसऱ्या पातेल्यात गूळ ठेवला आणि ढवळता ढवळता तिची नजर शेवग्यावर लागली. किती वेळ, कुणास ठाऊक.

"गूळ करपतोय, बाई."

अगदी कानामागून. घाई नाही, राग नाही. राजलक्ष्मीचा हात आधी गॅसच्या बटणावर गेला, मग ती मागं वळली. कुणी नव्हतं. पाक कडेनं नुकताच काळा पडू लागला होता.

ती बाहेर धावली. सोनम भिंतीशी मांडी घालून बसली होती. मोबाइल अजून बंदच.

"तू बोललीस का गं काही?"

"न्हाय."

मोबाइल चालू झाल्यावर राजलक्ष्मीनं सगळा व्हिडिओ पुन्हा पाहिला. गोळ्या पाण्यात पडतात, बाहेर कुणाची तरी गाडी थांबते, निकिता "आले, आले" म्हणते आणि व्हिडिओ संपतो. पाक त्यात नव्हताच.

तरी तिनं चहा पुरा केला. पाक गार होऊ दिला, नाहीतर दूध फाटलं असतं. गोळ्या, पाक, गार चहा, वरून दूध आणि बर्फ. सोनमनं चमच्यानं गोळ्या काढून चावून पाहिल्या.

"आतून जराशा कच्च्या हायत," म्हणाली, आणि खात राहिली.

राजलक्ष्मीनं आपला पेला तसाच बाजूला ठेवला. तिनं विचारलं, "तुझी मम्मी तुला काय हाक मारायची?"

"बाई. मला, शेजारच्या झुंबरला, म्हशीला पण." सोनमचा चमचा थांबला. तिनं मान वर केली. "बोलली व्हय ती तुमाला?"

पोरीच्या डोळ्यांत बघून खोटं बोलणं राजलक्ष्मीला जमलं नाही. "व्हय. गूळ करपतोय म्हणाली."

सोनमनं चमचा खाली ठेवला. "मला रोज बोलायची," ती हळूच म्हणाली. "शाळेतनं आलं की. तुमी आल्यापासनं बोलत न्हाय. मला वाटलं, तुमीच हाकललं तिला."

सोनम उठली, डब्यातून गुळाचा खडा काढून पातेल्यात टाकला आणि गॅसकडं बोट केलं.

"पेटव."

राजलक्ष्मीनं पेटवला. दोघी ओट्याकडं तोंड करून, दाराकडं पाठ करून उभ्या राहिल्या. गूळ वितळला, फसफसला, काळा पडला. धूर निघाला तरी राजलक्ष्मीनं हात पुढं केला नाही. तिची पाठ कुणाच्या तरी श्वासाची वाट बघत ताठ झाली होती, आणि आता ती घाबरलेली नव्हती. बोला ताई, ती मनात म्हणत होती, पोरीसाठी तरी बोला.

कुणी बोललं नाही. पातेल्यातून कडवट वास उठला, डोळे चुरचुरू लागले. शेवटी सोनमनंच हात लांबवून गॅस बंद केला आणि हुंदके देत राजलक्ष्मीच्या कमरेला मिठी मारली. दोन वर्षांत ती कुणासमोर रडली नव्हती, हे राजलक्ष्मीला इंद्रजितनं नंतर सांगितलं.

तो परतला तेव्हा घरभर धूर होता आणि दोघी मोरीत बसून पातेलं घासत होत्या.

"काय जाळलं?" त्यानं विचारलं.

"काय न्हाय," सोनम म्हणाली, आणि तिनं राजलक्ष्मीकडं राख सरकवली. "कडेला अजून हाय बघ, तितं घास."