टाकलेला आणि ठेवलेला

माणसानं विस्तवाचा शोध लावला, चाकाचा लावला. कचऱ्याला मालक शोधून देण्याचं काम मात्र इतिहासानं आमच्या नगरपालिकेसाठी राखून ठेवलं होतं. साल दोन हजार चार. गावचा कचरा नेण्याचा करार केलेल्या औरंगाबादच्या कंपनीचा, 'सार्वजनिक-खाजगी भागीदारी' असं रंगवलेला ट्रॅक्टर नारळ फोडून निघाला आणि चौकातल्याच कचऱ्यात रुतला. ओढून काढायला बैलजोडी आणावी लागली. ती सार्वजनिक होती की खाजगी, यावर गावात अजून एकमत नाही.

संशय आला तो वेगळाच. चहाचं हॉटेल चालवणारा जलालुद्दीन म्हणाला, "ज्या घाणीजवळून आपन नाक दाबून जातो, ती न्यायला ही कंपनी औरंगाबादहून येऊन राहिली. काहून? तिच्यात कायतरी हाय बराबर."

कायतरी म्हणजे काय, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. म्हणून लोक केर भरताना दोनदा निरखू लागले.

खरी पंचाईत झाली भिकाबाईची. नरसीच्या रस्त्याला तिचं घर, मागं वर्षभराचा उकिरडा : शेण, राख, गोठ्यातला केर. हळद लावायला पंधरा दिवस उरलेले, आणि हळदीला दुसरं खत तिच्याकडं नव्हतं. मंगळवारी सकाळी कंपनीचा सुपरवायझर कुलदीप आणि नगरपालिकेचे स्वच्छता निरीक्षक माणिकराव ट्रॅक्टर घेऊन तिथं हजर. भिकाबाई उकिरड्यावर चढून बसली.

"उतरा बाई," कुलदीप म्हणाला. "नागरिकांनी टाकलेला कचरा कंपनीचा. करारात लिहिलंय."

"म्या कुटं टाकला? म्या ठेवलाय."

"उकिरड्यावर कुणी ठेवतं का?"

"काहून? दूध इरजायला ठेवतेत, त्याला टाकलं म्हन्तेत व्हय? ह्यो कुजायला ठेवलाय."

माणिकरावांनी चष्मा लावून करार वाचला. 'टाकलेला' हा शब्द तीनदा सापडला, 'ठेवलेला' एकदाही नाही. "वर विचारावं लागंल," ते म्हणाले.

कुलदीपनं उकिरड्यात काठी खुपसून पाहिली. "खरं सांगा, खाली काय पुरलंय?"

"तुमीच सांगा की. घाई तुमाला हाय."

ट्रॅक्टर रिकामा गेला. संध्याकाळपर्यंत तो शब्द गावभर झाला. दुसऱ्या दिवशी दारोदार घंटी वाजली, आणि दारोदार एकच उत्तर : "टाकला न्हाई, ठेवलाय." ज्यात कायतरी आहे ते परक्याला कोण देणार? भाजीचे देठ ओसरीवर आले, तुटक्या चपला फळीवर चढल्या. जलालुद्दीननं उकळलेली चहापत्ती डब्यात भरून कुलूप लावलं. आठवडाभर ट्रॅक्टर रिकामा फिरला. मग कुलदीप रजा टाकून गावी गेला. गावात माशा तेवढ्या राहिल्या.

नवव्या दिवशी दुपारी भिकाबाई खत गाडीत भरत होती. माणिकरावांना येताना पाहिलं, तशी टोपलं सोडून ती पुन्हा वर चढली.

"वरून उत्तर आलं व्हय?"

"न्हाई." त्यांनी रस्त्याकडं एकदा बघून घेतलं आणि पाठीमागं धरलेली बादली पुढं केली. आत आंब्याच्या कोयी, कांद्याची फोलपटं आणि भरपूर वास. "मावशी, एवढं आमच्या घरचं ठेवून घ्या. अन् बादली लगेच द्या. आंघोळीची हाय."