इथेल बीवनचा आखोस

"हा अर्ज आज बाद होणार, नेस्टा," गेथिन म्हणाला आणि कागद तिच्या टेबलावर ठेवून तसाच उभा राहिला.

साडेअकरा वाजले होते. समिती दोनला बसायची. वेल्समध्ये लोकोपयोगी कामांसाठीचा लॉटरीचा पैसा कुणाला द्यायचा हे ठरवणाऱ्या या कचेरीत नेस्टा पिउला सव्वीस वर्षं झाली होती. अर्ज वाचायचे, टिपण लिहायचं, समितीपुढे ते मांडायचं, एवढंच तिचं काम. गेथिन तिचा साहेब, वयानं तिच्या लेकीएवढा.

अर्ज सोअर चॅपेल या जुन्या प्रार्थनाघराचा होता. चॅपेलमागच्या सभाघरात दर गुरुवारी खोऱ्यातली एकतीस म्हातारी माणसं सूप प्यायला जमत. छप्पर गळत होतं. दुरुस्तीचे पैसे ऑक्टोबर संपायच्या आत मंजूर झाले नाहीत तर दाराला कुलूप लावा, असं तपासनीस लिहून देऊन गेला होता. आज हुकलं तर पुढची समिती थेट मार्चमध्ये.

घोटाळा एका शब्दाचा होता. वेल्श अर्जात विचारलं होतं, या कामामागचा 'आखोस' काय? आखोस म्हणजे कारण. पण चॅपेलात वाढलेल्या माणसाला आखोस म्हटलं की एकच सुचतं: देवाच्या नावानं एकत्र राहिलेली आपली मंडळी आणि तिनं चालवलेली उपासना. चॅपेलचे चिटणीस इथेल बीवन एक्क्याऐंशी वर्षांचे, बस डेपोतले जुने मेकॅनिक. त्यांनी पानभर तोच आखोस लिहिला होता. रविवारची प्रार्थना, उरलेले नऊ सभासद, एकशे साठ वर्षांत एकदाही न चुकलेला रविवार. सूप आलं होतं ते शेवटच्या चार ओळींत. इंग्रजी भाषांतरात सरळ उतरलं होतं, 'आमचे धर्मकार्य'. आणि धर्मकार्याला इथून पैसा मिळत नसे.

भाषांतर चुकलं असं लिहून टाक, तिथं 'कारण' घाल, दोन मिनिटांचं काम आहे, असं गेथिनचं म्हणणं पडलं.

"भाषांतर बरोबर आहे," नेस्टा म्हणाली.

"ते तुला नि मला माहीत. समितीत निम्म्यांना वेल्श येत नाही."

तो वाईट माणूस नव्हता. त्यालाही ते सभाघर वाचायला हवं होतं. नेस्टानं पेन उचललं, खाली ठेवलं आणि फोन लावला.

बीवन खुशीत होते. म्हणाले, लंडनहून फोन आला की मी उभा राहतो, कार्डिफहून आला की खुर्ची शोधतो, तुझा आला की चहाची किटली ठेवतो. मग त्यांनी छपराखाली लावलेल्या बादल्यांची संख्या सांगितली. नेस्टानं त्यांना मध्येच थांबवलं. इतक्या वर्षांत तिनं कुठल्याही अर्जदाराच्या तोंडात उत्तर घातलं नव्हतं.

"मिस्टर बीवन, आखोस तुम्ही 'कारण' या अर्थानं लिहिलंत ना? असेल तर नुसतं हो म्हणा. बाकी मी बघते."



"तुझे वडील आमच्याकडे प्रवचन करायला यायचे, पोरी," बीवन म्हणाले. "शेवटी शेवटी बोलणं संपून गाणं कधी सुरू व्हायचं, आम्हाला कळायचं नाही. नुसते रडत बसायचो. त्या माणसाच्या मुलीला मी फोनवर खोटं सांगू?"

"मग छप्पर?"

"गळतंय ते खरंच आहे. तेही लिहिलंय मी."

दोन वाजता तिनं समितीला जे होतं ते सांगितलं. भाषांतर बरोबर आहे, गृहस्थांना प्रश्न वेगळा कळला. मग टिपण बाजूला ठेवून तिनं बीवनचं पान मूळ वेल्शमध्ये वाचायला घेतलं. पहिल्या दोन ओळी तिनं कचेरीच्या आवाजात वाचल्या. पण ती वाक्यं लिहिणारा माणूस प्रवचनं ऐकत म्हातारा झालेला. तिसऱ्या ओळीपासून शब्दांनीच चढ घेतला आणि तिचा आवाज त्यांच्यामागून गेला, वडिलांचा जायचा तसा. त्या चढातून ती सुपापाशी उतरली: 'एकतिसातले बावीस आमचे नाहीत. भूक कुणाची आहे हे आम्ही विचारत नाही.' भाषांतर ऐकायला कानाला यंत्र लावून बसलेल्या समितीच्या एका सभासदानं मध्येच ते काढून ठेवलं. त्याला वेल्शचा एक शब्दही कळत नव्हता.

गेथिननं लागलीच पैसा आधी कुणाला द्यायचा याबद्दलचा कार्डिफच्या वेल्श सरकारचा निर्देश पुढे केला. एकाकी वृद्ध त्यात पहिल्याच ओळीत होते.

"वाचलाय मी," अध्यक्ष मिसेस ट्रहेर्न शांतपणे म्हणाल्या. "पण त्या निर्देशाला संमती लंडनच्या सरकारची लागते, आणि उद्या जाब विचारेल तेही लंडनच. धर्म कुठं संपतो नि सूप कुठं सुरू होतं, हे दोन्ही सरकारांनी मिळून लिहून द्यावं. मी सही करते."

"दोन्ही सरकारं एका कागदावर येईपर्यंत ती माणसं राहतील का?" यंत्र काढून ठेवलेला सभासद म्हणाला.

मिसेस ट्रहेर्ननी त्याच्याकडे पाहिलं नाही. अर्ज मार्चवर गेला.

नोव्हेंबरच्या पहिल्या गुरुवारी नेस्टानं रजा घेतली. सभाघराला साखळी घातलेली होती. तिनं चॅपेलचं दार ढकललं.

सूप घराघरांतून पातेल्यांत आलं होतं. जमिनीला ठोकलेल्या बाकांवर माणसं कोट घालून ओळीनं बसली होती, सगळी एकाच दिशेला तोंड करून. स्तोत्रांच्या वह्या ठेवायच्या अरुंद फळीवर प्रत्येकाचा वाडगा. जन्मात चॅपेलची पायरी न चढलेल्या म्हाताऱ्यांनी कुणी न सांगता टोप्या काढून मांडीवर घेतल्या होत्या. बीवन डाव घेऊन एकेका बाकाशी वाकत होते. शेवटच्या रांगेत त्यांनी नेस्टासाठी जागा करवली, तिचा वाडगा भरला, मग कडेला बसून स्वतःचा.

ते बसेपर्यंत कुणीही चमचा उचलला नव्हता.