आत गेलं की वरच बसलं?

मी एक भोक आहे. हसू नका. शिरवळच्या एका प्रयोगशाळेतल्या मोठ्या सूक्ष्मदर्शकाच्या पोटात मी राहतो, केसाहून बारीक. नमुन्यावर निळा प्रकाश टाकला की त्यात घातलेले रंग चमकून उठतात आणि तो सगळा उजेड माझ्या दाराशी धावत येतो. मी प्रत्येकाला विचारतो, "कुठून आलास?" नेमक्या थरातून आला असेल तरच आत. वरून-खालून घुसलेला उपरा असेल तर चालता हो! संशय हाच माझा धंदा. म्हणून तर पेशीचा एकेक थर चपातीच्या पदरासारखा सुटा दिसतो आणि थरावर थर रचून अख्खी पेशी उभी करता येते.

पण माणसांना झगमगाट आवडतो. मला रुंद केलं की चित्र उजळतं, आणि खोटंही होतं. आमचे मोठे साहेब वीरधवल सर आले की आधी मलाच रुंद करतात. त्यांची पावलं ऐकली तरी मला धास्ती बसते. सुमैरा आली की मी पुन्हा बारीक. ही वाईची संशोधक पोरगी माझ्याइतकीच संशयी.

यंदा खंडेनवमीला सरांनी यंत्रांची पूजा केली. हळदकुंकू, झेंडू, नारळ, सगळं साग्रसंगीत. मग त्याच हातांनी त्यांनी नव्या औषधाच्या चाचणीसाठी पेशी वाढवलेल्या सगळ्या काचेच्या बशा उघडून पाहिल्या. औषधाला हिरवा चमकणारा रंग जोडला होता. मेंढीच्या पेशीत लपलेल्या जंतूला ते आत शिरून मारणार होतं. सरांनी मला रुंद केलं आणि पाहिलं, तर पेशी हिरव्यागार!

"शिरलं आत!" ते ओरडले. मेंढरं आजारी म्हणून बाहेर येऊन बसलेल्या बिरदेव धनगराला त्यांनी सांगूनही टाकलं, "जुनं औषध बंद कर. उद्यापासून हे टोचू."

मला तो उजेड पहिल्यापासून पटला नव्हता. घोळक्यानं येणाऱ्यांवर माझा विश्वास बसत नाही.

सुमैरालाही पटला नाही. तिनं मला बारीक केलं आणि वरून खाली, थराथरानं पेशी पाहिली. हिरवा उजेड सगळा पेशीच्या पाठीवर. पोटात मिट्ट काळोख. मग तिनं औषध न घातलेली बशी लावली. तीही हिरवी!

"सर, ही हळद आहे. निळ्या उजेडात हिरवी चमकते. औषध आत गेलेलंच नाही."

सरांचा चेहरा उतरला. मग म्हणाले, "पूजेवर खापर फोडतेस? तुला ती खुपलीच असणार."

सकाळी याच पोरीनं झेंडूच्या माळा ओवल्या होत्या. मला भयंकर राग आला. संशय घ्यायचा तर उजेडाचा घ्या ना!

बिरदेव दारात येऊन उभा होता, कपाळावर भंडारा फासलेला. "पोरी, तू काय म्हंतीस? टोचू का नगं?"

"नगा टोचू, मामा. जुनंच चालू ठेवा."

"जुन्यानं निम्मी मरत्यात गं."

"ह्यानं सगळी जातील."

"बरं," तो म्हणाला आणि काठी उचलून गेला.

आता सुमैराला दुसऱ्या विभागात हलवलंय. मला कायम रुंद ठेवायचा हुकूम आहे. पाहुणे येतात, हिरवीगार चित्रं बघून माना डोलावतात. तुम्ही आलात तर कृपा करा, चित्र किती छान आहे ते म्हणू नका. भोक केवढं ठेवलंय ते विचारा.

बिरदेव अजून अधूनमधून फाटकाशी येतो. सर नव्या औषधाचं सांगायला लागले की त्यांच्या खांद्यावरून आत डोकावतो आणि म्हणतो, "ती पोरगी कुटं हाय? तिला बघू द्या आदी."